गाडी बंद पडते, तिथूनच सुरुवात

‘नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे. रोबोटिक्सचं वेड लागून दोन वर्षं झाली, पण अजून मी सुरुवातच करते आहे असं वाटतं. एक किट घेतलं आहे : आर्डुइनो उनो बोर्ड (गाडीचा छोटा संगणक), पिवळ्या गिअरवाल्या दोन मोटरी, मोटरींना वीज पोचवणारा एल२९८एन ड्रायव्हर, अंतर मोजणारा सेन्सर आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. व्हिडिओ बघून जोडणी केली, कोड उतरवून घेतला. पहिल्या दिवशी गाडी मस्त पळाली. दुसऱ्या दिवसापासून मोटरी सुरू होताच बोर्डवरचा दिवा मिचमिचतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कोड तीनदा टाकून पाहिला. बोर्ड बदलू का? की आधी प्रोग्रॅमिंग नीट शिकू? मित्र म्हणतो, एआय आणि आरओएस येत नसेल तर याला काही अर्थ नाही. गणितात मी मध्यम आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात आहे, पण माझ्याकडे फक्त सादरीकरण दिलंय, यंत्राला हात लावायला मिळत नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेपर्यंत थांबावं का?’
– सुरुवातीलाच अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती रीसेट होणारी गाडी. तू तिच्याबद्दल जरा संकोचून लिहिलं आहेस, जणू तुझ्या हातून काही अपराध घडला. मला मात्र तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्या गाडीतच दिसतात. म्हणून तिच्यापासूनच सुरू करते. दुसरा बोर्ड घेऊ नकोस, कोड चौथ्यांदा टाकू नकोस आणि गाडी सुटी करून खोक्यात भरू नकोस.

आधी लक्षणं नीट मांडू. गाडी पहिल्या दिवशी चालली, दुसऱ्या दिवशी नाही. मोटरी बंद असताना बोर्ड ठीक, मोटरी सुरू होताच रीसेट. कोडमध्ये दोष असता तर तो पहिल्या दिवशीही असता. लिहिलेला कोड रात्रीतून बदलत नाही. जोडणीही तीच आहे. मग या दोन दिवसांत बदललं काय? बॅटरी. ती वापरली गेली. माझा संशय तिच्यावर आहे. संशयच म्हणते, कारण तो खरा की खोटा हे तुला मोजून ठरवायचं आहे, माझ्या सांगण्यावरून मान्य करायचं नाही.

संशयाचं कारण असं. मोटर फिरत असते तेव्हा ती एकीकडे जनित्रासारखंही काम करते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं व्होल्टेज तयार करते. त्यामुळे फिरत्या मोटरमधून करंट कमी जातो. पण थांबलेल्या मोटरला सुरू करण्याच्या क्षणी हे उलटं व्होल्टेज शून्य असतं. तेव्हा करंटला अडवायला उरतो फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध, आणि तो काही ओहमच असतो. म्हणून सुरू होण्याच्या त्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट मागते. दोन मोटरी एकदम सुरू केल्यास, मागणी दुप्पट.

आता ती मागणी कोणाकडे जाते ते बघ. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी म्हणजे आत सहा छोटे सेल एकामागे एक जोडलेले. तिला स्वतःचाही रोध असतो, आणि ती जसजशी वापरली जाते तसतसा तो वाढत जातो. समज, ताजी असताना हा रोध २ ओहम आहे आणि मोटरींनी १.५ अँपिअर करंट ओढला. ओहमचा नियम लाव : १.५ गुणिले २, म्हणजे ३ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच संपले. बाहेर आले ६. गाडी कशीबशी चालली. दुसऱ्या दिवशी हाच रोध ५-६ ओहमवर गेला, की करंट घटला तरी बाहेर येतात जेमतेम चार. त्यातले काही बोर्डवरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, खातो. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये एक पहारेकरी बसवलेला असतो : व्होल्टेज साधारण २.७ च्या खाली गेलं की तो चिपला थांबवतो, आणि सावरलं की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू करून देतो. मोटरी थांबल्या की व्होल्टेज सावरतं, प्रोग्रॅम सुरू होतो, तो मोटरी सुरू करतो, व्होल्टेज कोसळतं. तुला दिसलेला मिचमिचणारा दिवा हाच.

म्हणजे तुझा बोर्ड बिघडलेला नाही. तो आपलं काम चोख करतो आहे.

हे तपासायचं कसं? एक साधा मल्टिमीटर मिळव, कोणाचा उसना मिळाला तरी चालेल. गाडी उलटी ठेव, चाकं हवेत. मीटर डीसी २० व्होल्टवर लावून बॅटरीच्या दोन टोकांना जोड. मोटरी बंद असताना आकडा लिही, सुरू असताना लिही, मग एक चाक बोटानं क्षणभर अडवून लिही. क्षणभरच, जास्त वेळ अडवलंस तर मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतील. मीटरची तार चुकूनही करंट मोजण्याच्या भोकात ठेवून बॅटरीला लावू नकोस, तो शॉर्ट सर्किट होतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. एक लक्षात ठेव : साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे अगदी सुरुवातीचा खड्डा त्याच्या नजरेतून निसटेल. म्हणून दुसरी चाचणीही कर. बॅटरीकडून बोर्डकडे येणारी पॉझिटिव्ह तार काढ आणि बोर्डला लॅपटॉपच्या यूएसबीवरून वीज दे. मोटरी बॅटरीवरच राहू देत. दोन्हीकडचं ग्राउंड (उणे टोकाची तार) मात्र एकमेकांना जोडलेलंच हवं, नाहीतर ड्रायव्हरला बोर्डचे इशारे कळणारच नाहीत. आता मोटरी सुरू कर. मोटरी अडखळल्या तरी बोर्ड रीसेट होत नसेल, तर चोर सापडला.

या चाचणीत तू एकच गोष्ट बदललीस, हे बघ. बोर्ड, कोड आणि बॅटरी तिन्ही एकदम बदलून गाडी चालली असती तर तुला काहीच कळलं नसतं. पुढच्या महिन्यात तोच दोष पुन्हा आला असता आणि तू पुन्हा तिन्ही बदलत बसली असतीस.

उपाय अवघड नाही. चौकोनी बॅटरीला मोटरींच्या कामातून सुट्टी दे. ती धुराचा इशारा देणाऱ्या उपकरणासारख्या थोड्या करंटच्या कामांसाठी ठीक. पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घे. प्रत्येकी १.२ व्होल्ट, सहा मिळून ७.२. त्यांचा आतला रोध फारच कमी असतो. चारच का नकोत? तुझा एल२९८एन हा जुन्या घडणीचा ड्रायव्हर आहे, तो स्वतःच दोनेक व्होल्ट उष्णतेत घालवतो. चार सेलचे ४.८ व्होल्ट दिलेस तर मोटरींच्या वाट्याला तीनसुद्धा येणार नाहीत. कधी ड्रायव्हर बदलायची वेळ आली तर टीबी६६१२एफएनजी बघ. त्यात मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, नुकसान फार थोडं होतं आणि मग चार सेलही पुरतात. शिवाय प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर. मोटरच्या ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट त्यामुळे बराच शमतो.

एक बाजूची गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या गाडीची सख्खी बहीण शोभेल. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा मुख्य संगणक मधूनच आपोआप रीसेट होऊ लागला. कारण विजेचं नव्हतं, सॉफ्टवेअरचं होतं : कमी महत्त्वाचं एक काम एक सामायिक साधन धरून बसायचं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळत राहायचं. मग पहारेकरी संगणकाला नव्यानं सुरू करायचा. अभियंत्यांनी काय केलं? यानाची जुळी प्रतिकृती पृथ्वीवर प्रयोगशाळेत होती. तिच्यावर तोच दोष पुन्हा घडेपर्यंत ते चाचण्या करत राहिले, नोंदी वाचल्या, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. दोष हवा तेव्हा पुन्हा घडवता येणं ही अर्धी दुरुस्ती असते. तुझा दोष तर मोटरी सुरू केल्या की दर वेळी घडतो. इतका आज्ञाधारक दोष मिळणं हे सुरुवातीच्या दिवसांत भाग्याचं आहे.

आता तुझा प्रश्न : आधी प्रोग्रॅमिंग शिकू का? की इलेक्ट्रॉनिक्स? की यंत्राचा भाग? या तिघांची रांग लावू नकोस. ‘आधी एक पूर्ण, मग दुसरं’ असं ठरवणारी मुलं पहिल्यातच कंटाळतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. एकाच छोट्या यंत्राभोवती तिन्ही थोडं थोडं शिक. तुझ्याच गाडीचं उदाहरण घे. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल, तर एका फेरीत गाडी साधारण २० सेंटिमीटर पुढे जाते. चाक मिनिटाला २०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला तीनहून थोड्या जास्त, म्हणजे वेग सेकंदाला ६८ सेंटिमीटरच्या आसपास. आता तुझा उतरवलेला कोड उघड आणि त्यात ‘डिले’, म्हणजे ठरावीक मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा, कुठे आहे ते शोध. असणारच. डिले १०० असेल तर गाडी सेकंदाचा दहावा भाग काहीच न बघता धावते, म्हणजे सात सेंटिमीटर आंधळी. अडथळा टाळायच्या गाडीत हे एक वेळ खपून जातं. पण दोन सेंटिमीटर रुंदीच्या काळ्या पट्टीवरून चालायचं असेल तर? पट्टी संपून गाडी पलीकडे गेल्यावर तिला कळणार! चाकाचा व्यास आणि कोडमधली एक ओळ यांचा इतका थेट संबंध असतो. हे पुस्तकातल्या वेगवेगळ्या प्रकरणांत कळत नाही, गाडी हातात असली की कळतं.

म्हणून गाडी दुरुस्त झाली की तिचा प्रत्येक भाग तुला समजावून सांगता येतो का ते बघ. मोटर सरळ बोर्डच्या पिनला का जोडत नाहीत? (पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो.) अंतर मोजणारा सेन्सर अंतर कसं सांगतो? तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ कळवतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि जाऊन परत यायचं असतं, म्हणून एका सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद. तुझ्या कोडमध्ये ५८ नं भागलेलं असेल, किंवा ०.०३४ नं गुणून दोननं भागलेलं. आता तो आकडा कुठून आला ते तुला ठाऊक आहे. असा एकेक आकडा हस्तगत कर. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती पुसून टाक आणि काय बिघडतं ते बघ. कोड व्हिडिओतून आलेला असो, मित्राकडून असो की एआयनं लिहून दिलेला असो, तुला सांगता येत नाही तोवर तो तुझा झालेला नाही.

त्यानंतरचा प्रकल्प म्हणून मी तुला एकच सुचवीन : पट्टीवरून चालणारी गाडी. हजारो जणांनी केलेली गोष्ट आहे म्हणून तिला कमी लेखू नकोस. रोबोटिक्सच्या मुळाशी असलेली कल्पना मला तिच्याइतकी स्वच्छ कुठेच दिसलेली नाही.

पहिल्यांदा ती काळं-पांढरं ओळखणाऱ्या दोन सेन्सरवर कर. डावा काळं बघतो तर डावीकडे वळ, उजवा बघतो तर उजवीकडे. गाडी चालेल, पण झोकांड्या खात. कारण तिला ‘चुकले’ इतकंच कळतं, किती चुकले ते कळत नाही. ती कायम पूर्ण ताकदीनं वळते आणि पलीकडे जाऊन पुन्हा चुकते. या झोकांड्या दोन दिवस नीट बघ, घाई करू नकोस. मग पाच सेन्सरची ओळ लाव आणि त्यांना डावीकडून उजवीकडे उणे २, उणे १, ०, १, २ असे आकडे दे. जे सेन्सर काळं बघतात त्यांची सरासरी काढली की पट्टी मध्यापासून किती सरकली आहे ते एका आकड्यात मिळतं. ही झाली चूक. आता चुकीच्या प्रमाणात वळायचं. मूळ वेग २५५ पैकी १५० धरला (२५५ म्हणजे पूर्ण ताकद) आणि गुणक ३०, तर चूक १ असताना डाव्या मोटरला १८०, उजव्या मोटरला १२०. चूक २ असेल तर २१० आणि ९०. चूक शून्य, तर दोन्ही १५०. थोडी चूक, थोडं वळण. मोठी चूक, मोठं वळण. झोकांड्या एकदम कमी होतात, आणि तो क्षण बघण्यासारखा असतो. मी आजवर अनेकांच्या शेजारी बसून तो पाहिला आहे, तरी दर वेळी मलाच नव्यानं आनंद होतो.

मग गुणकाशी खेळ. १० केलास तर गाडी वळणावर बाहेर जाईल, ८० केलास तर पुन्हा थरथरेल. पुढची पायरी म्हणजे चूक किती आहे याबरोबर ती किती झपाट्यानं बदलते आहे हेही हिशेबात धरायचं. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्यानं जहाजाच्या सुकाणूबद्दल हा विचार मांडला. अनुभवी सुकाणूधारक फक्त आत्ता जहाज किती भरकटलं ते बघत नाही, ते किती वेगानं भरकटतंय आणि आधी किती वेळ भरकटलेलं होतं याचंही भान ठेवतो, हे त्यानं गणितात बसवलं. आज त्याला पीआयडी नियंत्रण म्हणतात आणि ड्रोनपासून थ्रीडी प्रिंटरच्या तापत्या टोकापर्यंत ते वापरलं जातं. तुझ्या गाडीत ते तीन ओळींत मावेल.

इथेच माझा एक अनुभव सांगते. माझी पहिली पट्टीवरची गाडी खोलीत ट्यूबलाइटखाली उत्तम चालायची. स्पर्धेच्या दिवशी ती जागेवरच गोल फिरत राहिली. स्पर्धेची वाट मोठ्या खिडकीजवळ आखलेली होती. हे सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडून तो किती परत येतो ते बघतात, आणि सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. माझ्या सेन्सरना सगळीकडे पांढरंच दिसत होतं. कोडमध्ये मी काळ्या-पांढऱ्याची सीमा म्हणून ५१२ हा आकडा कायमचा लिहून ठेवला होता. सगळे गेल्यावर मी त्याच जागी बसून प्रत्येक सेन्सरचे आकडे वहीत उतरवले, आणि घरचे आकडे शेजारी लिहिले. त्या एका पानावरून मला जे कळलं ते आजही कामी येतं. तेव्हापासून माझी प्रत्येक गाडी सुरुवातीला पट्टीवर डावी-उजवी हलून प्रत्येक सेन्सरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा आधी टिपून घेते. सेन्सरवर सावली पडेल असं कागदाचं झाकणही असतं. तूही वही ठेव. तारीख, काय बदललं, काय दिसलं. सुंदर अक्षर नको, आकडे हवेत.

बोर्डबद्दल थोडक्यात. उनो पुरेसा आहे. त्याची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, स्मृती फक्त २ किलोबाइट. पण पाथफाइंडरबरोबर मंगळावर गेलेल्या सोजर्नर या सहा चाकी गाडीचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा होता. वायफाय किंवा ब्लूटूथ हवं असेल त्या दिवशी ईएसपी३२ हा बोर्ड घे, तो ३.३ व्होल्टवर चालतो, तेव्हा ५ व्होल्टचे सेन्सर थेट जोडू नकोस. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र समजून घ्यायचं असेल त्या दिवशी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. त्याआधी दोन्ही नकोत. खोकंभर बोर्ड आणि एकही पुरी झालेली गाडी नाही, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. काही घेण्यापूर्वी करून बघायचं असेल तर टिंकरकॅड आणि वोक्वी या संकेतस्थळांवर आभासी उनो, मोटरी, सेन्सर फुकट जोडता येतात. कोड तपासायला ते चांगले आहेत. थकलेली बॅटरी मात्र तिथे सहसा भेटत नाही.

मित्राच्या एआय आणि आरओएसबद्दल. दोन्ही खऱ्या आणि मोठ्या गोष्टी आहेत, त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आरओएस म्हणजे रोबोटचे अनेक प्रोग्रॅम एकमेकांशी बोलावेत यासाठीची व्यवस्था. लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर), कॅमेरा, नकाशा, हात असं बरंच काही एकत्र आलं की तिची गरज भासते. तुझ्या पट्टीवरच्या गाडीत दोन मोटरी आणि पाच सेन्सर असतील. त्यांना दुभाषा लागत नाही. आणि वागणं गुंतागुंतीचं दिसायला मेंदू मोठाच हवा असंही नाही. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञानं दोन कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या), एक प्रकाश बघणारा डोळा, धडक कळण्यासाठी एक स्पर्शाची कळ आणि दोन मोटरी. संगणक नव्हताच. तरी ती उजेड शोधत फिरायची, फार प्रखर उजेड आला की मागे वळायची, अडथळ्याला धडकून वाट काढायची, आणि बघणाऱ्यांना जिवंत वाटायची. तुझ्या उनोवर प्रकाश मोजणारे दोन एलडीआर लावून एखाद्या सुट्टीत असं कासव करून बघ. मित्रालाही बोलाव.

गणित मध्यम आहे म्हणतेस. आत्तापर्यंत या पत्रात आपण ओहमचा नियम, वर्तुळाचा परिघ, वेग, सरासरी आणि प्रमाण वापरलं. यातलं तुला काही नवं होतं का? पुढे रोबोटचा हात करशील तेव्हा त्रिकोणमिती लागेल, आणि त्या दिवशी कोन काढल्याशिवाय हात पेन्सिलपर्यंत पोचत नाही हे डोळ्यांसमोर असेल. गरज समोर उभी असली की गणित वेगळं वाटतं. तोवर शाळेतलं गणित सोडू नकोस, इतकंच.

काही गोष्टींत मात्र मी ठाम आहे. लिथियम सेल आणि लायपो बॅटऱ्या आत्ता नकोत. त्यांचा शॉर्ट झाला, त्या दाबल्या गेल्या किंवा चुकीच्या चार्जरवर लागल्या तर पेट घेतात. जाणकार मोठं माणूस शेजारी असेल आणि योग्य चार्जर असेल तेव्हाच त्यांच्या वाटेला जा. घरातल्या सॉकेटची वीज प्रकल्पात आणायची नाही, कधीच. सोल्डरिंग करताना डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, आणि नंतर हात साबणानं धुवायचे, कारण बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं. तार कापताना तुकडा उडतो, तेव्हाही चष्मा.

थांबावं का, हे विचारलंस. नको. इंजिनिअरिंगच्या वर्गात ओहमचा नियम फळ्यावर लिहिला जाईल तेव्हा ज्याच्या वहीत थकलेल्या बॅटरीचे आकडे आहेत त्याला तो वेगळा ऐकू येतो. आणि समजा तू पुढे इंजिनिअरिंगला गेलीच नाहीस, तरी या दोन वर्षांतलं काही वाया जाणार नाही.

शेवटी संघाचं. ते वाचून मला वाईट वाटलं. ‘तुझं बोलणं चांगलं आहे’ म्हणत यंत्रापासून दूर ठेवलं जाणं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि त्यात दर वेळी कोणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. ज्याच्या हातात आधीपासून स्क्रूड्रायव्हर आहे त्याच्याच हातात तो राहतो. ‘मलाही हात लावू द्या’ इतकंच म्हणालीस तर ‘पुढच्या वेळी’ असं उत्तर येईल. त्यापेक्षा एक ठरावीक काम माग, आणि असं माग की जे कोणी आनंदानं करत नाही : वीजपुरवठा. बॅटरी किती, कुठली, किती वेळ पुरते, तारा कुठून जातात, कनेक्टर ढिला आहे का. बहुतेक संघांत हे काम कोणाचंच नसतं, आणि ऐन स्पर्धेच्या वेळी यंत्र बंद पडतं ते बहुधा इथेच. तुझ्याकडे तोवर आकड्यांची वही असेल. जबाबदार शिक्षकांना ती दाखव आणि सांग की संघाच्या रोबोटची बॅटरी भाराखाली किती उतरते ते मला मोजायचं आहे, अर्धा तास द्या. सादरीकरण सोडू नकोस. स्वतः मोजलेल्या गोष्टीबद्दल बोलणाऱ्या मुलीला परीक्षकांनी प्रश्न विचारले तर तिला कोणाकडे वळून बघावं लागत नाही.

आधी मात्र तुझी स्वतःची गाडी. चाकं हवेत, मीटर २० व्होल्टवर. मोटरी बंद असताना, सुरू असताना आणि चाक अडवल्यावर असे तीन आकडे मला कळव, आणि यूएसबीवर बोर्ड टिकला की नाही तेही. माझा संशय चुकीचा निघाला तर पुढचा संशय ड्रायव्हरच्या ग्राउंडच्या तारेवर आहे. ती ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे तारा खोचायच्या भोकांच्या फळीत, हलते का, तेवढं आत्ताच बघून ठेव.